लूव्रच्या तळघरातला कणत्वरक

कणत्वरक म्हटलं की जिनिव्हाजवळचा 27 किलोमीटर परिघाचा बोगदाच आठवतो. एखाद्या वस्तूत कोणती मूलद्रव्यं आहेत हे पाहायला एवढा खटाटोप लागत नाही. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाच्या तळघरात ‘अग्लाए’ नावाचा कणत्वरक 1980च्या दशकाच्या अखेरीपासून आहे. तो प्रोटॉनना साधारण 30 लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा देतो.

वस्तूवरच्या प्रोटॉनच्या माऱ्याने ती फुटते किंवा किरणोत्सारी होते, ही भीतीही अनाठायी. झोत अगदी क्षीण असतो, आणि अतिपातळ खिडकीतून बाहेर येऊन उघड्यावर ठेवलेल्या वस्तूवर पडतो. प्रोटॉन अणूच्या आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उडवतो, बाहेरचा इलेक्ट्रॉन ती जागा घेतो आणि क्ष-किरण निघतो. त्याची ऊर्जा पाहिली की मूलद्रव्य कळतं. ‘पिक्सी’ नावाची ही पद्धत 1970मध्ये स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात निघाली. जुना कागद किंवा रंगचित्र असेल तर मात्र झोत जपूनच वापरावा लागतो. रंग काळवंडू शकतो.

लूव्रमध्ये बॅबिलोनजवळ सापडलेली, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची एका देवीची छोटी अलाबास्टरची मूर्ती आहे. तिच्या डोळ्यांत आणि बेंबीत लाल खडे आहेत. ते काचेचे असावेत, असं पूर्वी मानलं जाई. अग्लाएने ते माणिक असल्याचं दाखवलं. पुढचा भाग जास्त रंजक आहे. माणकाला लाली क्रोमियममुळे येते, पण सोबत लोह, व्हॅनेडियम किती, हे खाणीगणिक बदलतं. ज्ञात खाणींतल्या माणकांशी ताडून पाहिल्यावर हे खडे ब्रह्मदेशाकडचे असल्याचं दिसलं. म्हणजे त्या काळी माणकांनी केवढा पल्ला गाठला होता!

पण हे यंत्र सगळं सांगतं, हा समज सर्वांत घातक. धातूत प्रोटॉन मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्याही आत थांबतात, त्यामुळे जाड मुलामा असेल तर आतल्या धातूबद्दल ते गप्पच. शिवाय पिक्सी मूलद्रव्य ओळखते, वय नाही. वय काढणारी कार्बन-14 चाचणी वेगळ्या कणत्वरकावर होते. तिला लाकूड, हाड, कापड असं एकेकाळी सजीवाचा भाग असलेलं काही लागतं आणि त्याचा छोटा तुकडा जाळावाही लागतो.

आपल्याकडे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात ‘फोटिया’ कणत्वरकावर अशी मूलद्रव्यं तपासतात. तेव्हा पितळी मूर्ती विकणारा कुणी ‘अणुयंत्रावर तपासून हजार वर्षांची ठरली’ असं सांगू लागला, तर पैसे काढण्याआधी चाचणी नेमकी कोणती केली, ते विचारा.