गंमत कुणाची, खेळ कुणाचा?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गल्लीत क्रिकेट खेळणारी मुलं कधी नीट पाहा. खेळ सुरू करण्याआधी ती भांडतात. एक टप्पा आउट धरायचा की नाही, चेंडू भिंतीपलीकडं गेला तर सिक्स की आउट, धाकट्या भावाला दोनदा बॅटिंग द्यायची का, यात पाच-दहा मिनिटं सहज जातात. मोठ्यांना वाटतं, पोरं वेळ वाया घालवताहेत. प्रत्यक्षात ती फार महत्त्वाचं काम करत असतात. आजचा खेळ कुणासाठी आहे, हे ती ठरवत असतात. सगळ्यांना मजा यावी म्हणून खेळायचं, की ज्याच्या अंगी कसब आहे तोच जिंकावा म्हणून?

हाच वाद गेली पंचवीस वर्षं जगभरातले लाखो लोक एका व्हिडिओ गेमवरून घालताहेत. त्याचं नाव 'सुपर स्मॅश ब्रदर्स'. निन्टेन्डो या जपानी कंपनीचा हा मारामारीचा खेळ. मारामारी म्हटलं की आपल्या कपाळाला आठ्या पडतात. पण इथं रक्त नाही की मुडदे नाहीत. वेगवेगळ्या खेळांतली पात्रं इथं एका व्यासपीठावर येतात. टोपीवाला मिशाळ मारिओ, टाय लावलेलं माकड डाँकी काँग, तलवारबाज लिंक, पिवळाधमक पिकाचू, अशी ही जत्रा. जी पात्रं आपापल्या कथेत कधी एकमेकांना भेटलीच नसती, ती इथं समोरासमोर उभी राहतात. अशा मिसळीला त्या जगात 'क्रॉसओव्हर' म्हणतात.

हा खेळ मासाहिरो साकुराई यांनी रचला. कर्बी नावाचं गोल, गुलाबी, मुलांचं लाडकं पात्र हीसुद्धा त्यांचीच निर्मिती. साकुराईंनी एक आठवण सांगितली आहे. तरुणपणी एका खेळघरात ते मारामारीचा एक प्रसिद्ध गेम खेळत होते. समोरच्या यंत्रावर कोण बसलं आहे हे दिसत नव्हतं. त्यांनी प्रतिस्पर्ध्याला सपाटून हरवलं आणि मग पाहिलं, तर पलीकडं एक नवखं जोडपं होतं. सहज गंमत म्हणून आलेलं. जिंकल्याचा आनंद जागच्या जागी विरला. त्या काळी असे गेम खेळायचे म्हणजे बटणांच्या लांबलचक क्रमवाऱ्या पाठ कराव्या लागत. ज्याला त्या पाठ, तो राजा. ज्याला नाहीत, तो दोन मिनिटांत बाहेर. नवखा माणूसही हसत खेळेल असं काही करता येईल का, असा विचार साकुराईंच्या डोक्यात घोळू लागला.

त्यांनी काढलेली युक्ती साधी होती. नेहमीच्या गेममध्ये लढवय्याच्या डोक्यावर शक्तीची पट्टी असते. मार बसत गेला की ती कमी होते आणि संपली की खेळ खलास. साकुराईंनी हे उलटं केलं. इथं मार बसला की टक्के वाढतात. टक्के जितके जास्त, तितका पुढच्या फटक्यानं तुम्ही दूर उडता. हरायचं ते मैदानाबाहेर फेकले गेल्यावरच. म्हणजे शंभर टक्के मार खाल्लेला माणूसही धडपडत काठाला लटकू शकतो, परत येऊ शकतो. एकाच वेळी चौघांना खेळता येतं. वरून अधूनमधून हातोडे, बाँब, पेट्या पडतात. ज्याच्या हाती लागलं त्याची चंगळ. लहान बहिणीच्या हाती हातोडा आला, तर पट्टीच्या खेळाडूनंही पळावं.

पहिला नमुना तयार झाला तेव्हा त्यात ही पात्रं नव्हती. त्याचं प्रोग्रॅमिंग पुढं निन्टेन्डोचे अध्यक्ष झालेल्या सातोरू इवाता यांनी केलं होतं. अनोळखी पात्रांपेक्षा ओळखीची पात्रं असली तर लोक पटकन रमतील, म्हणून साकुराईंनी मारिओ वगैरे मंडळी आधी नमुन्यात घालून पाहिली आणि परवानगी मागून घेतली. जानेवारी 1999 मध्ये बारा पात्रांचा हा खेळ जपानात विक्रीला आला आणि लोकांनी तो उचलून धरला.

खरी वादावादी सुरू झाली ती पुढच्या खेळापासून. 2001 साली 'मेली' आला. साकुराई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रात्रीचा दिवस करून तो तेरा महिन्यांत उभा केला. तो विलक्षण वेगवान झाला. आणि खेळाडूंना त्यात अशा जागा सापडत गेल्या, ज्यांचा उल्लेख माहितीपुस्तिकेत कुठंच नव्हता. उडी मारायची आणि त्याच क्षणी तिरकं, जमिनीच्या दिशेनं अंग चोरायचं. मग पात्र उडत नाही, तर तोंड न वळवता जमिनीवरून सर्रकन घसरतं. या हालचालीला 'वेव्हडॅश' म्हणतात. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण ती ज्याला साधली तो वेगळाच खेळ खेळू लागतो. ती साधायची तर महिनोन्‌महिने रियाज हवा.

इथून खेळाडूंची मतं दुभंगली. अमेरिकेत घराघरांच्या तळघरांत, मग सभागृहांत स्पर्धा होऊ लागल्या. स्पर्धकांनी वरून पडणाऱ्या वस्तू बंद केल्या. कारण रास्त होतं. ऐन रंगात आलेल्या लढतीत, तुम्ही ठोसा मारताय आणि नेमकी त्याच जागी एक स्फोटक कुपी प्रकट होते. तिच्या स्फोटात जिंकणारा हरतो. याला न्याय कसा म्हणायचा? हलती, डुगडुगती मैदानंही हळूहळू बाद झाली. सपाट, स्थिर मैदानं राहिली. मग दुसरा गट यांची थट्टा करू लागला. म्हणे, यांना खेळातलं सगळं काढून टाकायचं आहे. एकच कोल्ह्याचं पात्र, एकच सपाट फळी, आणि हसायला मनाई! ही थट्टा इतकी गाजली की स्पर्धक स्वतःही ती स्वतःवर करू लागले.

मी कविता लिहिणारा माणूस. मुशायऱ्यांत आणि कविसंमेलनांत बसून केस पांढरे झाले, म्हणून हा झगडा मला ओळखीचा वाटतो. एक ओळ अशी असते की सारं सभागृह उसळतं. दुसरी अशी, की पुढच्या रांगेतले चार जाणकार फक्त मान हलवतात. जाणकार म्हणतात, टाळ्यांची कविता उथळ. श्रोते म्हणतात, जाणकारांची कविता कोरडी. दोघंही पूर्ण चुकीचे नसतात, म्हणूनच वाद मिटत नाही.

खुद्द साकुराईंचं मत श्रोत्यांच्या बाजूनं होतं. मेली अट्टल खेळाडूंकडं फार झुकला, असं ते अनेकदा बोलून दाखवत आले आहेत. 2008 साली 'ब्रॉल' आला तेव्हा वेव्हडॅश गायब होता. ही हालचाल मेली बनवतानाच आमच्या लक्षात आली होती. पण नवखे आणि मुरलेले यांच्यातली दरी रुंदावत चालली, म्हणून ती काढली, असं त्यांनी मुलाखतीत सांगितलं. वेग कमी झाला. शिवाय एक नवी गोष्ट आली. धावायला सुरुवात करताना पात्र कधीकधी, काही कारण नसताना, ठेचकाळून आपटायचं.

या ठेचेवर खेळाडू जेवढे चिडले तेवढे क्वचितच कशावर चिडले असतील. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. हातोडे, बाँब नको असतील तर ते बंद करण्याची सोय खेळातच होती. ज्याला हवे त्यानं ठेवावेत, नको त्यानं काढावेत. ठेच मात्र बंद करता येत नव्हती. दैवाचा खेळ मी स्वखुशीनं मांडला तर ती गंमत. तो माझ्यावर लादला तर तो जुलूम. संतापाचं मूळ या फरकात होतं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या 'इव्हो' या मोठ्या स्पर्धेत ब्रॉल वस्तू चालू ठेवून खेळवला गेला, त्यावरूनही असाच गदारोळ झाला. काही हौशी मंडळींनी तर ब्रॉलमध्येच फेरफार करून, मेलीच्या वळणाचा 'प्रोजेक्ट एम' नावाचा आपला खेळ तयार केला. 2015 च्या डिसेंबरात त्यांनी ते काम थांबवलं. कंपनीनं 2014 च्या खेळात ठेच काढून टाकली. खेळाडूंच्या मताचा हा विजयच म्हणायचा.

पण खेळाडूंचं मत म्हणजे नेमकं कुणाचं? याचा एक बोलका दाखला आहे. 2015 साली निन्टेन्डोनं लोकांकडून मतं मागवली, की पुढचा लढवय्या कोण हवा. लाखो मतं आली. ज्यांना आणणं शक्य होतं अशा पात्रांमध्ये बायोनेटा ही चेटकीण विजयी ठरल्याचं जाहीर झालं. 2016 मध्ये ती खेळात आली आणि भलतीच प्रबळ निघाली. 2018 च्या इव्हो स्पर्धेत अंतिम लढतीत दोन्ही बाजूंनी बायोनेटाच उभी राहिली, तेव्हा सभागृहात प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. लोकांनी मत देऊन आणलेलं पात्र लोकांनाच डोळ्यांसमोर नकोसं झालं. मत देणारे बहुतेक जण लाडकं पात्र पाहायला मिळावं म्हणून मत देत होते. हुर्यो उडवणारे चुरशीची लढत पाहायला आले होते. दोघांनाही आपण 'खेळाडू' या एकाच शब्दात बसवतो.

मतदानात सर्वांत वरचं नाव मात्र दुसरंच होतं. ते साकुराईंनी सहा वर्षांनी, ऑक्टोबर 2021 मध्ये सांगितलं. 'किंगडम हार्ट्स' या खेळातला सोरा. त्याच्यामागं डिस्नेसारखी कंपनी, त्यामुळं परवानगीचा मामला बिकट. 2018 च्या 'अल्टिमेट' या खेळात आधीच्या साऱ्या खेळांतलं एकूण एक पात्र परत आणलं होतं. सोरा त्यात सर्वांत शेवटी सामील झाला आणि पात्रांची संख्या 89 झाली. अल्टिमेटच्या तीन कोटींहून अधिक प्रती खपल्या. त्यात वस्तू चालू-बंद करता येतात आणि हवं ते मैदान सपाट करून खेळता येतं. जत्राही आहे, आखाडाही आहे. ज्यानं त्यानं आपला दरवाजा निवडावा.

एवढ्यावर वाद मिटायला हवा होता. पण मेलीवाले आपला जुना खेळ सोडायला तयार नाहीत. सपाट पडद्याच्या टीव्हीवर बटण दाबणं आणि चित्र हलणं यात किंचित अंतर पडतं, म्हणून ही तरुण मुलं वर्षानुवर्षं पेटाऱ्यासारखे जुने, जड टीव्ही खांद्यावरून स्पर्धेला वाहून नेत आली. 2013 साली इव्होमध्ये कोणता खेळ घ्यायचा हे स्तनाच्या कर्करोगाच्या संशोधनासाठी कोण जास्त देणगी जमवतो यावर ठरणार होतं. बारा वर्षांच्या जुन्या मेलीच्या चाहत्यांनी 94 हजार डॉलरहून अधिक रक्कम उभी केली आणि जागा मिळवली. निन्टेन्डोनं स्पर्धेचं प्रक्षेपण करू नका असं कळवलं. लोकांनी गिल्ला करताच कंपनीनं माघार घेतली. 2020 मध्ये महामारीमुळं घराबाहेर पडता येत नव्हतं, तेव्हा हौशी मंडळींनी तयार केलेल्या 'स्लिपी' या साधनाच्या मदतीनं मेलीची एक मोठी स्पर्धा इंटरनेटवर होणार होती. त्या वेळी मात्र कंपनीनं कायद्याचा बडगा उगारला आणि स्पर्धा बंद पडली. 2023 मध्ये तर छोट्या, बिनव्यापारी स्पर्धांसाठी नियमच आले. प्रत्यक्ष भरणाऱ्या स्पर्धेत दोनशेहून अधिक खेळाडू नकोत, बक्षिसाला मर्यादा, वगैरे. याहून मोठं काही करायचं तर कंपनीची परवानगी हवी.

कंपनीची बाजू अगदीच लंगडी नाही. पात्रं तिची, संगीत तिचं, मेहनत तिच्या माणसांची. लहान मुलांच्या विश्वासातल्या मारिओच्या नावानं कुणी कुठं काय भरवेल याची काळजी तिला असणारच. पण दुसरी बाजूही तितकीच खरी. 2001 साली तबकडीवर छापून विकलेली ती वस्तू इतर असंख्य खेळांसारखी केव्हाच माळ्यावर गेली असती. ती जिवंत राहिली, कारण काही हजार लोकांनी तिच्यात निर्मात्यालाही नको असलेलं कसब शोधलं, जपलं आणि धाकट्यांना शिकवलं. कायद्यानं खेळ ज्याचा असेल त्याचा असो. रियाज करणाऱ्याचाही त्याच्यावर काही हक्क आहे की नाही?

माझं मत विचाराल तर मी थोडा दोन्हीकडचा आहे. नवख्यासाठी दार उघडं ठेवणाऱ्या साकुराईंचा मला आदर वाटतो. पलीकडच्या यंत्रावर कोण बसलं आहे हे पाहून ज्याचं मन ओशाळतं, तो माणूस चांगला. पण दार उघडं ठेवण्यासाठी आतल्या पट्टीच्या माणसाचे पाय बांधायची गरज नसते. ब्रॉलनं ते करून पाहिलं आणि हाती राग आला. दोघांनाही जागा करून दिली तेव्हा खेळ सर्वांत जास्त घरांत पोचला.

तुमच्या घरी नातवंडं, भाचरं असा एखादा खेळ खेळताना आरडाओरडा करत असतील, 'हे चीटिंग आहे', 'वस्तू बंद कर', 'मला पण जिंकू दे' असे आवाज येत असतील, तर लगेच दटावू नका. न्याय म्हणजे काय, दुबळ्याला किती झुकतं माप द्यायचं आणि नियम कुणी ठरवायचे, हे प्रश्न ती तिथं सोडवत असतात. जमलं तर शेजारी बसा आणि एवढंच विचारा, आजचा खेळ तुम्ही कुणासाठी मांडला आहे?