एका दाबातून अनेक दाब



व्हॉल्व्हचा जुना रेडिओ ज्यांनी उघडून पाहिला असेल, त्यांना ठाऊक असेल की आतील सगळ्यांची भूक सारखी नसते. लाउडस्पीकर हलविणाऱ्या व्हॉल्व्हला २५० व्होल्ट लागतात, मधल्या एखाद्याला १५०, आणि आणखी एकाला ९० च पुरतात. पुरवठा मात्र एकच, २५० व्होल्टांचा. मग त्या पुरवठ्यापासून जमिनीपर्यंत रोधकांची, म्हणजे रेझिस्टरांची, साखळी जोडावयाची आणि मधल्या सांध्यांतून फाटे काढावयाचे. ह्या रचनेला दाबविभाजक म्हणतात. तिचे गणित कारागिराचे म्हणून आपण बाजूला ठेवतो; वास्तविक त्याला गुणाकार आणि भागाकार एवढेच लागतात.

नियम दोनच. पहिला ओहमचा, १८२७ साली प्रसिद्ध झालेला : प्रवाहाला रोधाने गुणले की दाब मिळतो. प्रवाह मिलिअँपिअरमध्ये आणि रोध किलोओहममध्ये घेतला, तर उत्तर थेट व्होल्टमध्ये येते. हा ओहम कोलोनच्या शाळेत शिकवीत असे. त्याचे वडील कुलपे करणारे कारागीर. ते स्वतःच्या कष्टाने शिकले आणि मुलांनाही त्यांनीच प्रथम शिकविले. मला ही गोष्ट नियमाइतकीच मोलाची वाटते. दुसरा नियम किर्कहोफचा, १८४५ चा, त्याच्या विद्यार्थिदशेतला : सांध्यात जेवढा प्रवाह येतो तेवढाच बाहेर जातो.

आता नवशिक्या काय करतो पाहा. त्याला ९०, १५० आणि २५० हवेत. तो खालून १८, १२ आणि २० किलोओहम असे तीन रोधक जोडतो. साखळीतून ५ मिलिअँपिअर वाहतात. मीटर लावला तर ९० आणि १५० अगदी बरोबर दिसतात. मग तो फाट्यांवर भार जोडतो, प्रत्येकी १० मिलिअँपिअर घेणारा, आणि १५० चे ७३ होतात, तर ९० चे अवघे २४! चाळीत खालच्या मजल्यावरचे नळ सुटले की वरच्या मजल्यावरची धार बारीक होते, तसाच हा प्रकार. रोधकांनी दाब वाटला खरा, पण कोण किती पिणार ह्याची विचारपूस कोणी केलीच नव्हती.

म्हणून आरंभ भारापासून करावा. समजा, २५० व्होल्टांवर ३० मिलिअँपिअर लागतात आणि दोन्ही फाट्यांवर दहा-दहा, एकूण ५०. त्याचा दहावा हिस्सा, म्हणजे ५ मिलिअँपिअर, कोणाच्याही उपयोगी न पडता साखळीच्या तळातून वाहू द्यावा. कारागीर ह्याला ब्लीडर म्हणतात. सगळ्यांत खालच्या रोधकातून हे ५ च जातात. ९० भागिले ५, म्हणजे १८ किलोओहम. मधल्यातून ब्लीडरचे ५ आणि ९० च्या फाट्याचे १० असे १५ जातात, आणि त्याच्यावर ६० व्होल्ट पडावयाचे; म्हणजे ४ किलोओहम. वरच्यातून २५ जातात आणि १०० व्होल्ट पडतात. पुन्हा ४ किलोओहम. बाजारात ३.९ चा सहज मिळतो, तो चालतो.

दाबाला प्रवाहाने गुणून उष्णताही काढावीच लागते. खालच्यात अर्ध्या वॅटहून थोडी कमी, मधल्यात ०.९, वरच्यात २.५ वॅट. रोधक निदान दुप्पट ताकदीचे घ्यावेत. वरचा पाच वॅटांचा हवा; तेथे दोन वॅटांचा बसविला तर तो आधी काळा पडतो, मग जळतो.

एवढे केले तरी एक अडचण राहतेच. हे दाब ठरल्याप्रमाणे राहतात ते सगळे भार चालू असतील तोवरच. व्हॉल्व्ह तापेपर्यंत काही सेकंद कोणीच प्रवाह घेत नाही. त्या वेळी ९० च्या फाट्यावर १७३ व्होल्ट चढतात, आणि मूळ पुरवठाही चढत असल्याने थोडे अधिकच. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात मोजमापाच्या जुन्या यंत्रातला असाच एक कपॅसिटर वारंवार फुटे. तो १५० व्होल्टांचा होता आणि फाटा ९० चा, म्हणून दोष दुरुस्ती करणाऱ्या गड्याच्या हाताचा ठरला आणि त्याला लेखी ताकीद मिळाली. चौकशीत मी हेच गणित कागदावर मांडले. मग यंत्र सुरू करून पहिल्या काही सेकंदांतच मीटर पाहिला. कपॅसिटर ३५० व्होल्टांचा बसला. ताकीद मागे घ्यावयाला मात्र तीन महिने लागले.

ब्लीडर वाढविला तर दाब अधिक स्थिर राहतो हे खरे. वरच्याच उदाहरणात ५ ऐवजी २५ मिलिअँपिअर वाहू दिले, तर भार सुटल्यावर ९० चे १७३ न होता ११९ होतात. पण रोधकांत वाया जाणारी शक्ती ३.८५ वॅटांवरून ८.८५ वॅटांवर जाते, आणि फाट्यांवरचे दोन्ही भार मिळून खातात अवघे २.४ वॅट. ब्लीडरचा दुसरा उपयोग असा की यंत्र बंद केल्यावर कपॅसिटरांत साठलेली वीज तो ओढून घेतो. मात्र तो तुटलेला असला तर हा उपयोग नाहीसा होतो, म्हणून आत हात घालण्यापूर्वी मीटर लावून पाहावाच.

भार सारखा बदलत असेल, तर विभाजकाच्या भरवशावर राहू नये. त्यासाठी पूर्वी वायू भरलेल्या नळ्या वापरीत. पुढे झेनर डायोड आले, आणि आता तीन पायांचे रेग्युलेटर हातगाडीवरसुद्धा मिळतात. विभाजक आजही भरपूर वापरात आहे, पण जेथे प्रवाह जवळजवळ घ्यावयाचाच नसतो तेथे. ५ व्होल्टांचा संदेश ३.३ व्होल्टांच्या चिपला द्यावयाचा असेल, तर वर १० आणि खाली २० किलोओहम लावतात, ३.३३ व्होल्ट मिळतात आणि काम झकास होते. त्याच फाट्यावर कोणी छोटी मोटर जोडली, तर ती हलणारही नाही. त्या दहा किलोओहममधून फार तर अर्धा मिलिअँपिअर निघू शकतो, आणि तोही दाब शून्यावर आल्यावरच.