प्याद्याला नाव दिलं की काय होतं?

आजचा विषय वाचून काही जण बिचकले असतील. व्हिडिओ गेमवर व्याख्यान? म्हणून सुरुवात मी आपल्या ओळखीच्या पटापासून करतो. बुद्धिबळ खेळणाऱ्यांनी जरा हात वर करा. बरेच आहेत की! मला सांगा, एक प्यादं देऊन समोरचा उंट मिळत असेल, तर तुम्ही किती विचार कराल? काहीच नाही. (हशा) प्यादं जातं, डबीत पडतं, पुढच्या डावात पुन्हा पटावर येतं. त्याचं वाईट वाटायचं कारणच नाही.

आता समजा, त्या प्याद्याला कुणी नाव दिलं, चेहरा दिला. आणि नियम केला की ते एकदा मेलं की या डावातच काय, पुढच्या कुठल्याही डावात येणार नाही. मग उंट घ्याल का?

हा प्रश्न एका गेमने विचारला. १९९० साली जपानमध्ये निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या यंत्रावर 'फायर एम्ब्लेम' आला. बनवणारी कंपनी इंटेलिजंट सिस्टिम्स, आणि गेमचे रचनाकार शोझो कागा. ही मालिका आजही चालू आहे. आता ज्या प्रकाराला 'टॅक्टिकल आरपीजी' म्हणतात, त्याचा साचा घडवण्यात तिचा मोठा वाटा आहे.

खेळायचं कसं, ते थोडक्यात सांगतो. चौकोनी घरांमध्ये विभागलेला नकाशा असतो. आधी तुम्ही तुमची सगळी माणसं हलवता, मग शत्रू त्याची हलवतो. घाई अजिबात नाही, एका चालीवर अर्धा तास विचार केला तरी चालतो. पहिल्या गेममध्ये तुमचा नायक मार्थ, राज्य गमावलेला राजपुत्र. त्याच्याबरोबर मोजकी माणसं: दोन तरुण घोडेस्वार, एक तिरंदाज, जड चिलखतातला एक सैनिक आणि जेगन नावाचा म्हातारा सरदार.

या जेगनमध्ये मोठी गंमत आहे. सुरुवातीला सगळ्यात ताकदवान तोच, त्यामुळे प्रत्येक शत्रूवर त्यालाच सोडावंसं वाटतं. पण लढणाऱ्याला अनुभवाचे गुण मिळतात, आणि शंभर झाले की तो एक लेव्हल वर चढतो. जेगन लेव्हल चढला तरी त्याची ताकद फारशी वाढत नाही. सगळे शत्रू त्यानेच मारले तर पोरं कच्ची राहतात, आणि पुढच्या लढाया त्याला झेपत नाहीत. म्हणजे आज सोपं जाण्यासाठी उद्याचं नुकसान. घरात सगळं काम स्वतःच उरकणारी माणसं आपण पाहिलीत ना? तसंच हे. (हशा)

म्हणून तुम्ही कच्च्या पोराला मुद्दाम पुढे काढता, आणि इथे छातीत धडधड सुरू होते. मालिकेतल्या बहुतेक गेममध्ये वार करण्याआधी पडद्यावर आकडे दिसतात: किती इजा होईल, वार लागण्याची शक्यता किती टक्के. १९९६ च्या गेमपासून शस्त्रांचा त्रिकोणही आला. तलवार कुऱ्हाडीला भारी, कुऱ्हाड भाल्याला, भाला तलवारीला. सगळा हिशेब समोर मांडलेला. तरी शेवटी फासा पडतोच.

या फाशाबद्दल एक मजेची गोष्ट. २००२ च्या गेमपासून बऱ्याच भागांमध्ये यंत्र एकाऐवजी दोन आकडे काढतं आणि त्यांची सरासरी धरतं. त्यामुळे पडद्यावर ९० टक्के दिसतं, तेव्हा प्रत्यक्षात शक्यता सुमारे ९८ असते, आणि १० दिसतं तेव्हा जेमतेम २. असं का? कारण नव्वद म्हणजे आपल्या मनात 'झालंच' असतं. दहातला एक वार चुकला तरी आपल्याला फसवणूक वाटते. इथे गणित आपल्या भाबडेपणाला सांभाळून घेतं.

आणि तरीही माणूस मरतो. तो दोन शब्द बोलतो आणि पटावरून जातो. पुढच्या लढाईत त्याची जागा रिकामी. पहिल्या गेममध्ये शेवटाकडे एक जादूची काठी मिळते, पण तिने एकाच माणसाला परत आणता येतं. एकालाच! कुणाला आणाल?

मी स्वतः काय करतो, खरं सांगू? तासभर खेळलेली लढाई जिंकत आलेलो असतो, एक तिरंदाज मरतो, आणि मी यंत्र बंद करून पहिल्यापासून सुरू करतो. बुद्धिबळात हे वेडेपणाचं ठरलं असतं. पण माझ्यासारखे पुष्कळ आहेत.

मग पुढे कंपनीने काय केलं? २०१० च्या गेममध्ये एक सोपा पर्याय आला, त्यात पडलेली माणसं पुढच्या लढाईत परत येतात. २०१२ च्या 'अवेकनिंग'मध्येही तो होता, आणि त्या गेमने नवीन खेळाडू मोठ्या संख्येने आणले. जुने खेळणारे म्हणाले, मरणच काढलं तर उरलं काय?

मला वाटतं, बरंच उरलं. २०१९ चा 'थ्री हाउसेस' घ्या. तिथे चुकलेली चाल ठरावीक वेळा मागे घेता येते. पण तुम्ही एका विद्यालयात शिक्षक असता. तीन गटांपैकी एक तुम्ही निवडता, आणि पाच वर्षांनंतरच्या युद्धात उरलेल्या गटांतली मुलं समोरच्या बाजूने उभी राहतात. ज्यांच्याबरोबर एका पंगतीत जेवलात, त्यांच्यावर वार करायचा, आणि पडद्यावर तोच टक्क्यांचा आकडा. चाल मागे घ्यायची सोय इथे कामाला येत नाही, कारण चूक चालीत नसतेच.

म्हणून मला विचाराल, तर या गेमची ओढ नुसत्या मरणात नाही आणि नुसत्या डावपेचातही नाही. हिशेब आणि माया इथे एकाच चालीत येतात. आपण डोकं लावतो ते जिंकण्यासाठी कमी, आपलं माणूस घरी आणण्यासाठी जास्त.

घरी जाऊन आज बुद्धिबळ मांडलंत, तर एखाद्या प्याद्याला नाव देऊन बघा. डाव बहुतेक हराल. (हशा) पण का हरलात, ते मला पुढच्या वेळी जरूर सांगा.