‘नाही’ म्हणायचीही एक रीत असते

गटात एखादीचा कर्जाचा अर्ज नामंजूर झाला आणि तिनं ग्रामसंघाकडे तक्रार केली, तर ग्रामसंघ तिला तिथंच पैसे मोजून देत नाही. तो विचारतो, बैठक झाली होती का? तिचं म्हणणं ऐकलं का? कारण वहीत लिहिलं का? काही चुकलं असेल, तर अर्ज पुन्हा गटापुढे येतो. आज अशाच एका तपासणीबद्दल सांगते. फरक एवढाच, की तिथं प्रश्न कर्जाचा नाही, जिवाचा असतो.

हाँगकाँग हे चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरचं शहर. चीनचाच भाग, पण कायदे आणि कोर्टं वेगळी. बाहेरून आलेली काही माणसं तिथं सांगतात, “मला परत पाठवू नका, माझ्या देशात माझा छळ होईल, जीव जाईल.” यांत भारत, पाकिस्तान, बांगलादेश, इंडोनेशियातली माणसंही असतात. निर्वासितांसाठीचा १९५१ चा जागतिक करार हाँगकाँगला लागू नाही, म्हणून तिथलं सरकार कायमचा आश्रय देत नाही. पण छळाविरुद्धचा करार लागू आहे. जिथं छळाचा खरा धोका आहे, तिथं माणसाला परत धाडायचं नाही, हे बंधन सरकारवर आहे.

हा धोका खरा की नाही, ते आधी इमिग्रेशन खातं ठरवतं. अधिकारी मुलाखत घेतो. दुभाषी असतो, सरकारी खर्चानं वकीलही मिळतो. नकार आला तर १४ दिवसांत अपील मंडळाकडे जायचं. मान्य होणारे अर्ज फार थोडे, शंभरात एखादाच.

मंडळानंही नाकारलं, तर हायकोर्ट. याला न्यायालयीन पुनर्विलोकन म्हणतात. इथं पुष्कळांची समजूत चुकते. त्यांना वाटतं, आता जजसाहेब आपली कहाणी पहिल्यापासून ऐकतील. तसं नसतं. कोर्ट आपल्या ग्रामसंघासारखंच बघतं: सुनावणी नीट झाली का? पुरावा वाचला का? कायद्याचा अर्थ बरोबर लावला का? चूक सापडली तर निर्णय रद्द होतो आणि अर्ज पुन्हा तपासायला जातो. तीन महिन्यांच्या आत जावं लागतं, आणि आधी कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. पुष्कळजण तिथं वकिलाविना उभे असतात.

मग याचा उपयोग काय? २००४ सालचा निकाल ऐका. श्रीलंकेतल्या एका तमिळ माणसाला परत पाठवायचा हुकूम निघाला होता. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयानं त्याला नाकारलं होतं, सरकार त्यावरच विसंबलं. हाँगकाँगचं सर्वांत वरचं कोर्ट म्हणालं, असं चालणार नाही. प्रश्न जिवाचा आहे, सरकारनं स्वतः आणि काटेकोर न्यायानं तपासलं पाहिजे.

आता समजा, एका बाईवर अत्याचार झालाय. समोर पुरुष अधिकारी, पुरुष दुभाषी. ती पहिल्या मुलाखतीत गप्प राहते. पुढे धीर करून सांगते, तेव्हा विचारतात, “आधी का नाही बोललीस?” आणि खोटी ठरवतात. ती गप्प का राहिली, याचा विचार झाला का, हे विचारायची शेवटची जागा म्हणजे कोर्ट.

पण डिसेंबर २०२२ पासून नियम कडक झालाय. हायकोर्टाच्या पहिल्या पायरीवर हरलं, की पुढचं अपील बाकी असतानाही परत पाठवता येतं. विमान सुटल्यावर चूक सापडली, तर काय उपयोग?

आपल्याकडे एखादा एजंट मुलाला सांगेल, “तिकडे जा, आश्रयाचा अर्ज टाक, काम मिळेल.” ऐकू नका. नुसत्या अर्जावर तिथं काम करायची परवानगी मिळत नाही. ही वाट जीव वाचवण्यासाठी आहे.

आणि आपल्या गटात कुणाला नकार द्याल, तेव्हा आधी तिचं ऐका आणि कारण वहीत लिहा. कोर्टसुद्धा तेवढंच मागतं.