तळ चाचपणारं जाळं
सांताक्रूझच्या जुहू कोळीवाड्यासमोर दर्यात मासळी किती, हे किनाऱ्यावरून कसं कळणार? त्यासाठी प्रायोगिक ट्रॉलिंग करतात. मुंबईलगत १९२१-२२ मध्ये ‘विल्यम कॅरिक’ या वाफेच्या ट्रॉलरने असा शोध घेतला. १९४६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या सरकारी केंद्राचं पुढे भारतीय मत्स्य सर्वेक्षण झालं.

नकाशावर चौकोन आखून प्रत्येकात जाळं ठरलेल्या वेगाने, ठरावीक वेळ तळावरून ओढतात. टोकाची पिशवी डेकवर मोकळी केली की ढोमे, वाम, माकूल, कोळंबी निवडून जातवार वजन घेतात, लांबी मोजतात. त्यावरून ताशी किती किलो, ते निघतं. रिकामं आलेलं जाळंही नोंदवायलाच हवं. नाहीतर दर्या आहे त्याहून श्रीमंत दिसतो. खडकाळ तळावर मात्र जाळं फाटतं, तिथे ही पद्धत चालत नाही.