इंजिनाचा श्वास आणि थंड हवा

मोटार पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो. परंतु वजनाने पाहिल्यास इंजिन पेट्रोलपेक्षा हवाच कितीतरी अधिक घेते. एक किलो पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. म्हणूनच वेगासाठी स्वतंत्रपणे बांधल्या जाणाऱ्या मोटारीच्या आराखड्यात हवेच्या मार्गाला महत्त्वाचे स्थान असते.

थंड हवाच का?

तापलेली हवा विरळ होते. बाहेरील हवा ३० अंश सेल्सियस असताना बॉनेटखालील ६० अंशांची हवा इंजिनात गेली, तर तेवढ्याच आकारमानात सुमारे ९ टक्के कमी प्राणवायू मिळतो. साहजिकच शक्ती घटते. शिवाय उष्ण हवेमुळे इंजिन ठोके देण्याचा संभव वाढतो. यास्तव हवा रेडिएटरच्या पुढून अथवा बाजूने घ्यावी आणि एक्झॉस्टच्या नळ्यांपासून पत्र्याच्या आडोशाने तिचे रक्षण करावे.

वेगामुळे हवा आपोआप इंजिनात कोंबली जाते, असा एक समज आहे. प्रत्यक्षात ताशी १०० किलोमीटर वेगाला मिळणारा जादा दाब वातावरणाच्या दाबाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी असतो. खरा लाभ थंडाव्याचा आहे.

नळीची रचना

दोन लिटरचे चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेताना सेकंदाला सुमारे १०० लिटर हवा ओढते. नळीचा व्यास ७५ मिलिमीटर असल्यास हवेचा वेग सेकंदाला सुमारे २३ मीटर होतो. ५० मिलिमीटर असल्यास तो ५१ मीटरवर जातो. वेग वाढला की अडथळा त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने अरुंद नळी सुमारे पाचपट दाब खाते. म्हणून नळी पुरेशी रुंद, आतून गुळगुळीत व कमीत कमी वळणांची असावी आणि तिचे तोंड कर्ण्यासारखे पसरट ठेवावे.

धूळ आणि पाणी

थंड हवेच्या शोधात नळीचे तोंड बंपरखाली नेण्याचा मोह होतो. तेथेच धोका आहे. साचलेल्या पाण्यातून जाताना नळी पाणी ओढते. हवेप्रमाणे पाणी दाबले जात नसल्याने पिस्टन अडतो, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन निकामी होते. गाळणीखेरीज चालविल्यास धुळीचे कण सिलिंडर झिजवितात. पुष्कळ ट्रॅक्टरांवर हवा घेणारी नळी बॉनेटच्या वर काढलेली दिसते, ती याच कारणांनी.

हा नियम शर्यतीच्या मोटारीपुरता मर्यादित नाही. पावसाळ्यात भरलेल्या ओढ्यात वाहन घालूच नये. पाण्यात इंजिन बंद पडल्यास ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न न करता वाहन ढकलून बाहेर काढावे आणि जाणकार मेकॅनिककडून तपासून घ्यावे. कोरडी, स्वच्छ आणि थंड हवा हाच प्रत्येक इंजिनाचा खरा श्वास होय.