वाटी भरेपर्यंतची घुरघुर

पहाटे मांजर उशाशी येऊन घुरघुरतं. प्रेम म्हणावं, तर वाटी भरेपर्यंत पिच्छा सोडत नाही. ब्रिटनमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या कॅरन मॅकोम्ब यांनाही त्यांचं मांजर असंच उठवायचं. बाईंनी त्यावर संशोधनच केलं! २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासासाठी १० मांजरांची घुरघुर ध्वनिमुद्रित केली होती. खायला मागतानाच्या घुरघुरीत, त्या खर्जाच्या आत, एक चढा सूर मिसळलेला सापडला. त्याची कंप्रता तान्ह्या बाळाच्या रडण्याच्या जवळपास जाणारी. कधीच मांजर न पाळलेल्यांनाही ही घुरघुर निकडीची वाटली. तो सूर संगणकावर काढून टाकला, तशी निकडही ओसरली.

म्यांवचंही असंच. मोठी झालेली मांजरं आपापसात फारसं म्यांव करत नाहीत. ते बहुतेक आपल्यासाठीच राखलेलं.